रशियांतील नगरांचीं बदललेलीं नांवें व कालनिर्णय

मितीचा कोपरा फाटलेला, शक वाळवीनें खाल्लेला, शिक्का नाहीं, असा कागद हातीं आला म्हणजे संग्राहकास अंतर्गत पुराव्यावरच भिस्त ठेवावी लागते. ह्या पुराव्यांत स्थलनामांचा उपयोग कोठवर करावा, ह्याचा एक धडा आम्हांस साठी उलटल्यावर मिळाला. आणि तोही मुलांच्या एका खेळावरून. विषय परदेशचा आहे खरा, परंतु त्याचा शेवट संग्राहकाच्या पेटींतच होतो, म्हणून तो येथें मांडीत आहों.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा संगणकावर राज्यें वसविण्याचा एक खेळ खेळत होता. खेळाचें नांव 'सिव्हिलायझेशन'. तो प्रथम १९९१ सालीं अमेरिकेंत निघाला. खेळणारा एखाद्या राष्ट्राचा अधिपति होतो, आणि त्यानें नवें नगर वसविलें कीं यंत्र त्या राष्ट्राच्या यादींतील पुढचें नांव त्यास देतें. मुलानें रशियाची यादी आम्हांस वहींत उतरून दिली. तींत मॉस्को, लेनिनग्राद, कीव्ह, मिन्स्क, स्मोलेन्स्क, ओडेसा, स्वेर्द्लोव्स्क, रीगा अशीं नांवें होतीं. त्याची तक्रार एवढीच कीं, लेनिनग्राद त्याच्या शाळेच्या नकाशांत सांपडत नाहीं.

ती यादी आम्हीं एखाद्या अनामिक बखरीप्रमाणें वाचली. लेनिनग्राद हें नांव २६ जानेवारी १९२४ रोजीं पडलें व ६ सप्टेंबर १९९१ रोजीं गेलें. स्वेर्द्लोव्स्क हें १९२४ पासून सप्टेंबर १९९१ पर्यंतचें. तत्पूर्वीं व तदनंतर तें येकातेरिनबुर्ग. कीव्ह, मिन्स्क आणि रीगा हीं रशियाचीं म्हणून एका रांगेंत बसविलेलीं, म्हणजे सोव्हिएत संघ अद्याप उभा आहे. यादी त्या संघाच्या हयातींत रचली गेली हें उघड आहे. परंतु ज्या सालीं खेळ बाजारांत आला त्याच सालीं हीं दोन्ही नांवें नाहींशीं झालीं, आणि डिसेंबरांत संघही विसर्जित झाला. खेळ मात्र आजही चालतो व आजही लेनिनग्राद वसवितो. ग्रंथरचनेचा काळ एक आणि हातांतील प्रतीचा काळ दुसरा, हा भेद वाचकांस नवा नाहीं.

यादींत 'नोव्होग्राद' असेंही एक नांव आहे. तें नोव्हगोरोद असावयास हवें, हा उघड लेखकप्रमाद. पण प्रमाद मोठा बोधप्रद आहे. प्राचीन स्लाव्ह भाषेंत नगरवाचक शब्दांत 'र'काराला जोडूनच व्यंजन येत असे. पूर्वेकडील स्लाव्हांनीं मध्यें स्वर घालून 'गोरोद' केलें. आपल्या प्रातिशाख्यकारांची स्वरभक्ति ती हीच म्हणावयास हरकत नाहीं. दक्षिणेकडील स्लाव्हांनीं वर्णविपर्यय करून 'ग्राद' केलें. रशियाच्या चर्चची धर्मभाषा दक्षिणेकडून आलेली, म्हणून रशियनांस 'गोरोद' हा तद्भवासारखा घरगुती शब्द, तर 'ग्राद' हा तत्समासारखा भारदस्त. नोव्हगोरोद हें जुन्या बोलींतलें, लोकांच्या तोंडचें नांव. त्याचा अर्थ 'नवें नगर', जरी तें रशियांतील अत्यंत जुन्या नगरांपैकीं एक आहे. उलट पेत्रोग्राद, लेनिनग्राद, स्टालिनग्राद हीं हेतुपुरस्सर घडविलेलीं. धर्माशीं वैर धरणाऱ्या राजवटीनें आपल्या पुढाऱ्यांच्या नांवांस धर्मभाषेचा प्रत्यय लावावा, ह्याची आम्हांस मौज वाटते. 'नोव्ह' व आपला 'नव' हे सगोत्र आहेत, आणि 'गोरोद' व 'गृह' हेही एकाच मूळचे मानतात. पण एवढ्यावरून व्होल्गेच्या तीरीं संस्कृत नेऊन बसविणाऱ्यांशीं आमचें जुळत नाहीं.

आतां राजधानीचें नांव पाहूं. १७०३ सालीं पीटरनें वसविलेलें सांक्त पेतेरबुर्ग हें पीटर बादशहाचें नव्हे, पीटर ह्या ख्रिस्तशिष्याचें नांव धारण करतें. १९१४ सालीं जर्मनीशीं युद्ध जुंपतांच जर्मन वळणाचें म्हणून तें टाकून पेत्रोग्राद केलें. अनुवाद झाला आणि संत गळला. पुढें लेनिनग्राद, आणि १९९१ च्या जूनमधील मतदानानंतर पुनः मूळ नांव. पेत्रोग्राद छापलेला नकाशा १९१४ पूर्वींचा असूं शकत नाहीं, हें निश्चित.

ह्या सर्वांत आमच्या प्रांताशीं ज्याचा खरा संबंध पोंचतो तें नगर त्वेर. आफानासी निकितिन हा व्यापारी येथूनच निघाला आणि इसवी सनाच्या पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चौलास उतरून जुन्नर व बेदरपर्यंत आला. जुन्नरास तेथील खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला होता, तो महत्प्रयासानें परत मिळाला. तो निघाला तेव्हां त्वेरास स्वतंत्र राजा होता. १४८५ त तें मॉस्कोच्या हातीं गेलें. निकितिन मात्र परततांना स्मोलेन्स्कजवळ वारला, त्यानें आपलें गांव पुनः पाहिलें नाहीं. १९३१ त त्वेरचें कालिनिन झालें आणि १९९० पर्यंत तेंच राहिलें. त्यामुळें १९५५ सालीं व्होल्गाकांठीं त्याचा पुतळा उभारला तो 'कालिनिन' शहरांत! मधल्या साठ वर्षांच्या नकाशांत जो त्वेर शोधील त्यास कालिनिन सांपडेल. आणि बाल्टिक किनाऱ्यावरचें कालिनिनग्राद तें हेंच, असें समजेल तर फसेल. तें जर्मनांचें क्योनिग्सबेर्ग, १९४६ पासून कालिनिनग्राद.

इतर नांवें थोडक्यांत सांगतों. त्सारित्सिन १९२५ त स्टालिनग्राद, १९६१ त व्होल्गोग्राद. निझ्नी नोव्हगोरोद १९३२ ते १९९० गोर्की. नोव्होनिकोलायेव्स्क १९२६ पासून नोव्होसिबिर्स्क. रिबिन्स्कनें तर श्चेर्बाकोव्ह (१९४६-५७) व आंद्रोपोव्ह (१९८४-८९) असे दोन वेष घेऊन दोनदां उतरविले. परंतु सिम्बिर्स्कचें १९२४ त झालेलें उल्यानोव्स्क आणि व्यात्काचें १९३४ त झालेलें किरोव्ह हीं दोन अद्याप पूर्ववत् झालेलीं नाहींत. शहर पालटलें तरी प्रांत पालटत नाहीं, असेंही घडतें: येकातेरिनबुर्ग हें स्वेर्द्लोव्स्क प्रांताचें मुख्य ठिकाण आहे.

ह्या शेवटच्या गोष्टींनींच आमची चूक उघडकीस आणली. एका स्नेह्यांनीं रशियाचा एक छापील नकाशा झारशाहीच्या अखेरचा म्हणून बऱ्याच किंमतीस घेण्याचें मनांत आणून आमचा अभिप्राय मागितला होता. कडा कापलेल्या, कागद पिवळा. आम्हीं राजधानीचें नांव सेंट पीटर्सबर्ग पाहिलें, शेजारीं त्वेर व निझ्नी नोव्हगोरोद पाहिलें, आणि '१९१४ पूर्वींचा' असें लिहून सही केली. मुलाची यादी वाचल्यावर मन साशंक झालें. नकाशा मागवून भिंग लावलें, तों व्होल्गेवर उल्यानोव्स्क, आणि ईशान्येस किरोव्ह! सेंट पीटर्सबर्ग व उल्यानोव्स्क एकाच कागदावर येऊं शकतात तीं केवळ १९९१ च्या सप्टेंबरानंतर. पिवळेपणा बहुधा चहाच्या पाण्याचा.

आम्हीं एकेकटें नांव वाचलें, जोडी वाचली नाहीं. शिवाय जुनें नांव हा दुबळा साक्षीदार. तें परत येतें, किंवा परदेशचा मुद्रक जुन्याच ठशावरून छापीत राहतो. नवें नांव मात्र जन्मापूर्वीं कोठेंही उमटत नाहीं. म्हणून नकाशाची पूर्वमर्यादा त्यांतील सर्वांत तरुण नांवावरून ठरवावी, आणि तें बहुधा राजधानीचें नसून एखाद्या मध्यम गांवाचें असतें.

अभिप्राय आम्हीं लेखी परत घेतला. विक्रेत्यानें पैसे परत केले नाहींत, आणि त्या नुकसानींत आमच्या सहीचा वांटा आहे. नकाशा स्नेह्यांच्या संग्रहांत आहे. त्याच्या पाठीवर आमचीं दोन्हीं मतें तारखांसह चिकटविलेलीं आहेत. पहिलें काढून टाकूं नये, अशी विनंती आम्हींच केली.