पर्यायाचा कागद

पेन्शनचा पर्याय विचारणारा कागद दिसायला अगदी साधा असतो. वर नाव, हुद्दा, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख. खाली दोन-तीन चौकोन, आणि त्याखाली एक ओळ : एकदा दिलेला पर्याय अंतिम समजण्यात येईल. लग्नाच्या नोंदणीच्या कागदावरसुद्धा इतक्या ठामपणे काही लिहिलेलं नसतं! हा कागद माणसाच्या हातात पडतो तो नेमका पन्नाशीच्या आसपास, मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते आणि स्वतःची गुडघेदुखी एकदमच दारात उभी असताना.

वसई-विरारच्या पट्ट्यात गेल्या दोन वर्षांत ज्या घरांतून या कागदाची चर्चा झाली, त्यांत आरोग्य खात्यात नोकरी करणाऱ्या बायकांची घरं बरीच आहेत. नालासोपारा-विरारहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयांत ड्युटीला जाणाऱ्या सिस्टर्स मी बँकेच्या नोकरीत असताना वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. आम्ही सकाळी चर्चगेटकडे निघायचो तेव्हा समोरच्या फलाटावर रात्रपाळी संपवून त्या उतरत असायच्या. त्यांच्याखेरीज वसई तालुक्याच्या पूर्वेला, पारोळ-भाताण्याच्या बाजूला, लसीची पेटी खांद्याला लावून पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविका आहेत. महापालिकेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या आहेत. काम साधारण एकच. मालक मात्र वेगवेगळे. कुणाचा पगार राज्य सरकार देतं, कुणाचा पालघर जिल्हा परिषद, कुणाचा मुंबई महापालिका, तर कुणाचा ३ जुलै २००९ रोजी जन्माला आलेली वसई-विरार महापालिका. त्यामुळे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन सिस्टर्सना एकच शासननिर्णय लागू होईल असं नाही, आणि जिन्यात झालेल्या चर्चेवर विसंबून सही करणं म्हणूनच धोक्याचं.

थोडा इतिहास सांगायला हवा. जुनी पेन्शन म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांच्याप्रमाणे मिळणारी. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, त्यावर वाढता महागाई भत्ता, आणि त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून एक पैसाही कापला जात नसे. त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगून टाकलं की पेन्शन ही मालकाची खैरात नव्हे, तो केलेल्या कामाचा हक्क आहे. (त्या घटनापीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते.) पेन्शनर मंडळी अजूनही १७ डिसेंबर हा दिवस पाळतात.

पुढे वारं बदललं. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद केली. त्याऐवजी पगाराच्या १० टक्के कर्मचाऱ्याने घालायचे, तेवढेच सरकारने. सरकारचा वाटा २०१९ मध्ये १४ टक्के झाला. जमलेला पैसा बाजारात गुंतवायचा आणि निवृत्तीच्या दिवशी जे साठलं असेल त्यातले जास्तीत जास्त ६० टक्के हाती घ्यायचे. उरलेल्या किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यायची, म्हणजे विमा कंपनीकडे पैसे ठेवून दरमहा ठरावीक रक्कम मिळवायची. ती 'ठरावीक' असते, हेच तिचं दुखणं. डाळ महागली म्हणून ती वाढत नाही.

नव्या योजनेत लागलेली पहिली पिढी पन्नाशीकडे सरकली तेव्हा असंतोष रस्त्यावर आला. १४ मार्च २०२३ ला राज्यातल्या सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी बेमुदत संप पुकारला. परिचारिकाही त्यात होत्या; रुग्णालयांतल्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा लहान पोरांच्याही तोंडी बसली होती. ज्यांना १९७७-७८ चा र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा ५४ दिवसांचा संप आठवतो, त्यांना हा संप आखूड वाटला असेल. तो २० मार्चला मिटला. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस नव्या योजनेतल्यांना ग्रॅच्युइटी आणि सेवेत असताना मृत्यू आला तर कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याचा निर्णय झाला. ही गोष्ट छोटी नव्हती. करोनाच्या काळात कोविड वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना विचारा.

मग प्रस्ताव आले, एकामागून एक. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने सुधारित योजना जाहीर केली : शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाईवाढ, आणि पश्चात जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने 'एकीकृत पेन्शन योजना' मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. जुनी पेन्शन मागितली होती, मिळाली निवड.

केंद्राच्या योजनेत ५० टक्क्यांचा आकडा मथळ्यात येतो, पण तिचा जीव एका दुसऱ्याच आकड्यात आहे. पूर्ण ५० टक्के मिळायला २५ वर्षांची सेवा लागते. १० ते २५ वर्षं झाली असतील तर त्या प्रमाणात कमी. १० वर्षांच्या आत काहीच नाही. पुरुष कारकून बाविसाव्या वर्षी चिकटतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हार घालून घरी येतो, त्याला २५ हा आकडा दिसतही नाही. सिस्टरचं तसं नसतं. प्रशिक्षण, मग खासगी रुग्णालय, मग अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरी, मधे बाळंतपणं, आणि मग केव्हातरी कायम नेमणुकीचं पत्र. ते अडतिसाव्या वर्षी हातात पडलेल्या कितीतरी जणी आहेत.

अशा एकीचं गणित मांडून पाहू. समजा, २००८ साली अडतिसाव्या वर्षी ती कायम झाली. २०२८ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा सेवा भरेल २० वर्षं. शेवटचा मूळ पगार ६०,००० रुपये धरू. महागाई भत्ता क्षणभर बाजूला ठेवू. जुन्या नियमाने ३०,००० मिळाले असते. केंद्राच्या योजनेच्या नियमाने २५ पैकी २० वर्षं, म्हणजे ४० टक्के : २४,०००. शिवाय दर सहा महिन्यांच्या सेवेला पगाराचा दहावा हिस्सा, असे एकरकमी २ लाख ४० हजार. खात्यातला जमलेला निधी मात्र सरकारकडे जातो. त्यातली रक्कम हातात घ्यायची म्हटली तर पेन्शन त्या मानाने घटते.

आता तिने नव्या योजनेतच राहायचं ठरवलं आणि खात्यात ४० लाख जमले असं धरू. २४ लाख हाती. १६ लाखांची ॲन्युइटी साडेसहा टक्क्यांनी धरली तर महिना साडेआठ हजारांच्या वर थोडे. २४ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर महिना १४,०००. एकूण साडेबावीस हजारांच्या पुढे. म्हणजे पहिल्या वर्षी दोन्ही पारडी जवळजवळ सारखी! वर २४ लाख शाबूत, मुलाला फ्लॅटसाठी देता येतील असे. मग कोण कशाला पेन्शन घेईल?

पण बायका जगतात. अठ्ठावन्नला निवृत्त झालेली सिस्टर ऐंशी पार करू शकते. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर पंधरा वर्षांनी, ती त्र्याहत्तरची असताना, २४,००० ची पेन्शन दुपटीच्या घरात गेलेली असेल. साडेबावीस हजार मात्र तिथेच असतील. आणि त्या २४ लाखांचं काय झालं असेल, हे नालासोपाऱ्यात वन-बीएचकेचा टू-बीएचके होताना पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. हातात आलेला पैसा आईचा राहत नाही. पेन्शनच्या पासबुकावर मात्र तिचंच नाव असतं, आणि सून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जरा गोड बोलते.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आम्हा बँकवाल्यांनी हाच कागद तीस वर्षांपूर्वी पाहिला. २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारात बँक कर्मचाऱ्यांना पेन्शन मान्य झाली आणि २९ सप्टेंबर १९९५ ला तिचे नियम राजपत्रात आले. अट अशी, की पेन्शन हवी तर प्रॉव्हिडंट फंडातला बँकेचा वाटा सोडायचा. ज्यांना फंड हवा त्यांनी तो ठेवावा. शाखेत जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून आकडेमोड चालायची. मुदत ठेवींवर तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, आणि ते तहहयात तसंच राहणार असं धरूनच बहुतेकांची बेरीज सुटायची. शिवाय संपात भाग घेतला तर मागची सेवा जप्त होईल की काय, ही नियमांतल्या एका कलमाने घातलेली भीती. पुष्कळांनी फंड ठेवला. मी पेन्शन घेतली. त्यात माझी हुशारी काही नव्हती. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या, आणि महिन्याच्या महिन्याला पेन्शन आणायला जाताना त्या नेसायच्या ते लुगडं मला जास्त पटलं.

दहा वर्षांत व्याजाचे दर निम्म्यावर आले. फंड ठेवलेल्यांनी पुन्हा पेन्शनचा धोशा लावला आणि २७ एप्रिल २०१० च्या करारात त्यांना दुसरी संधी मिळाली. फुकट नव्हे. निवृत्त झालेल्यांना फंडातला बँकेचा वाटा परत भरायचा होता, आणि त्यावर आणखी ५६ टक्के. आमच्या शाखेतून निवृत्त झालेले एक हेडकॅशिअर त्यासाठी मुलाकडे पैसे मागायला गेले होते. मुलगा म्हणाला, बाबा, सोडून द्या आता. (१ एप्रिल २०१० नंतर बँकांत लागलेल्या मुलामुलींना ती पेन्शन नाहीच.)

आता संघटनांविषयी. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका सिस्टरच्या घरी पाच-सहा जणी जमल्या होत्या आणि 'ताई, तुम्ही बँकेत होतात, जरा हे बघून सांगा' म्हणून मलाही बोलावलं होतं. त्यांची तक्रार पैशाची कमी आणि एकटेपणाची जास्त होती. मेळाव्यात विचारलं तर उत्तर येतं, 'आपली मागणी जुन्या पेन्शनचीच आहे.' बरोबर आहे. पण कार्यालयातला बाबू पर्याय मागतो आहे, त्याला काय लिहून देऊ? इथे पुढारी गप्प बसतो. त्याचीही अडचण खरी आहे. हे घ्या म्हणावं तर उद्या सरकार म्हणेल, तुमच्याच सभासदांनी मान्य केलंय. घेऊ नका म्हणावं तर एखादीचं नुकसान झालं, की शिव्या त्यालाच.

मला वाटतं, ही कोंडी संघटनेने स्वतःच करून घेतलेली आहे. आमची मागणी काय, हा एक प्रश्न. आज दाराशी आलेल्या प्रस्तावाचं सभासदाने काय करायचं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दिल्याने पहिलं सुटत नाही. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२-२३ मध्ये जुन्या पेन्शनकडे परतायचं ठरवलं, तेव्हा मागणी काही हवेतली नाही. ती लावून धरावी. पण मागणी टाळ्यांच्या गजरात मंजूर होऊ शकते, पर्याय तसा होत नाही. द्वारसभेत हात वर करणाऱ्या तिघींत एकीची सेवा ३१ वर्षं होणार असते, एकीची २०, एकीची ९. तिघींचं उत्तर एक असूच शकत नाही.

आणि विचारायचं तर सगळ्यांपर्यंत पोचायलाही हवं. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुरुवातीला तिथल्या आरोग्यसेवेच्या पेन्शनमध्ये बदलांचा प्रस्ताव आला, तेव्हा रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेने सभासदांचं मत घेतलं. मत देणाऱ्यांपैकी ६२ टक्के परिचारिकांनी तो नाकारला. मत दिलं होतं फक्त १६ टक्क्यांनी. टपाल, इंटरनेट सगळं हाताशी असलेल्या देशातली ही गोष्ट. आपल्याकडे मेळावा दुपारी तीनला ठेवतात. रात्रपाळीवाली झोपलेली असते, दुपारपाळीवाली वॉर्डात असते, आणि उपकेंद्रावरची बसच्या वेळेला बांधलेली असते. सभागृहात उरतात ते कोण, हे सांगायला नको.

त्या दिवशी आम्ही काय केलं, तर प्रत्येकीच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिल्या : कायम नेमणुकीची तारीख, निवृत्तीची तारीख, आणि घरात तिच्यावर अवलंबून कोण. मालक कोण, म्हणजे कुठला आदेश लागू, हे चौथं. चहा होईस्तोवर दोघींचं उत्तर त्यांचं त्यांनाच दिसलं. तिसरीला पाठीच्या दुखण्यापायी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची होती. केंद्राच्या योजनेत तशी निवृत्ती घेणाऱ्याची पेन्शन मूळ निवृत्तीच्या तारखेपासूनच सुरू होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती अजून दोन वर्षं काढीन म्हणाली आणि उशी पाठीशी घेऊन बसली.

कोपऱ्यात एक कंत्राटी सिस्टर होती, राष्ट्रीय आरोग्य अभियानातली. तिच्यापुढे पर्यायाचा कागद आलेलाच नव्हता. तशीच एक आशाताई. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका, पगार नाही, मोबदला. ती नुसती मैत्रिणीबरोबर आली होती आणि सगळ्यांसाठी चहा तिनेच केला. निघताना पन्नाशीतल्या एका सिस्टरने मला विचारलं, "ताई, कायम व्हायच्या आधी सात वर्षं मी त्याच वॉर्डात, त्याच रजिस्टरवर सही करत होते. ती सात वर्षं धरली तर माझी पंचवीस भरतात. ती धरा म्हणून कुठे लिहायचं?"

कागदावर त्यासाठी चौकोन नव्हता. तिने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं : ७ वर्षे, कंत्राटी, ऑर्डरी घरी आहेत. पुढच्या मेळाव्याला त्या ऑर्डरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेणार आहे म्हणाली. मेळावा रविवारी सकाळी ठेवायचा, असं त्या सहा जणींनी संघटनेला त्याच दिवशी कळवलंय.