नॉलेज मॅनेजर म्हणजे नेमकं कोण?

आमच्या सावद्यात केळीचा घड आज कापायचा की अजून थांबायचं, हे बागेतला जुना माणूस केळाच्या कडा बघून सांगतो. कडा गोलसर झाल्या की घड भरला. माल दिल्लीला जायचा असेल तर थोडा आधीच कापायचा. हे सगळं त्याच्या डोक्यात. उद्या तो आलाच नाही तर?

कंपनीतही हेच होतं. रात्री दोनला सर्व्हर बंद पडतो आणि उपाय माहीत असलेल्याने गेल्याच महिन्यात नोकरी सोडलेली असते. असं होऊ नये, हे बघणं नॉलेज मॅनेजरचं काम. कोणाला काय येतं ते तो शोधतो, लिहून घेतो, जुनं झालेलं काढतो आणि नवीन माणसाला पटकन सापडेल असं लावून ठेवतो.

सोपं वाटतं ना? १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचं उदाहरण घ्या. २००० च्या सुमारास तिथे माहिती लिहून देणाऱ्यांना पॉइंट्स मिळायला लागले. लेखांचा पूर आला! पण बरेच लेख कामाचे नव्हते आणि तपासणाऱ्यांवरचा भार वाढला. शेवटी पद्धत बदलली. वाचणाऱ्याला लेखाचा उपयोग झाला का, याला जास्त महत्त्व दिलं गेलं. म्हणजे नुसती माहिती गोळा करून भागत नाही, कामाची कोणती हेही बघावं लागतं.

तुमच्या टीममध्ये फक्त एकालाच येणारं काम कोणतं? उद्या चहाच्या वेळी त्याच्या शेजारी बसा, विचारा आणि लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!