नऊच्या खेळाची दांडी

कुंभकोणमहून तिरुप्पुरंबियमकडे निघालं की वाटेत इन्नंबूर लागतं. गाव लहान, भातशेतीचं. पण तिथलं शिवमंदिर तेवारम्‌च्या पदांत गायिलं गेलेलं, म्हणजे तामिळ शैवांच्या लेखी फार जुन्या मानाचं. देवाचं नाव एळुत्तरिनाथर, अक्षरं जाणणारा. मुलांना शाळेत घालण्याआधी लोक त्यांना इथे घेऊन येतात. एवढ्या विद्वान देवाची स्थळकथा मात्र चक्क कचेरीतली आहे. चोळ राजाच्या काळी सुधन्मन नावाचा एक जण देवळाचे हिशेब लिहायचा. राजाला हिशेबात काळंबेरं वाटलं आणि त्याने सुधन्मनला सगळा तपशील घेऊन हजर व्हायला फर्मावलं. सुधन्मनची गाळण उडाली, तो देवाला शरण गेला. दुसऱ्या दिवशी भीत भीत दरबारात पोचतो तर राजा म्हणतो, आता कशाला आलास, काल तर सगळं समजावून गेलास! आदल्या दिवशी त्याच्या रूपात जाऊन आला होता तो देव.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा भरणा करायला विठोबा विठू महार होऊन बिदरच्या दरबारी गेला. सेना न्हावी पूजेला बसलेला असताना राजाचं बोलावणं आलं, तेव्हा पांडुरंगाने धोकटी काखेला मारली आणि राजाची हजामत करून आला. महिपतींच्या भक्तिविजयात या कथा सापडतात, आणि कामगारांच्या नजरेने वाचल्या तर त्या वेगळ्याच दिसतात. माणूस कामावर नाही, मालक खवळलेला आहे आणि बदली मिळत नाही, अशा पेचातून देवाने सोडवलेल्या माणसांच्या या गोष्टी. सेनाने रजेचा अर्ज टाकला नव्हता. आजच्या भाषेत त्याने दांडी मारली होती.

दांडीची आठवण होण्याचं कारण १४ ऑगस्ट २०२५. त्या गुरुवारी रजनीकांतचा ‘कुली’ लागला आणि चेन्नई, बंगळुरूसह अनेक गावांत शाखा असलेल्या युनो ॲक्वा केअर या कंपनीने त्या दिवशी सुट्टी जाहीर केली. या कंपनीने हे पहिल्यांदा केलं नव्हतं. १० ऑगस्ट २०२३ ला ‘जेलर’ आला तेव्हाही तिने सुट्टी दिली होती, वर तिकिटंही वाटली होती. मनुष्यबळ विभागाकडे रजेच्या अर्जांचा ढीग पडू नये, हे कारण कंपनीने परिपत्रकातच लिहिलं होतं. त्याआधी २२ जुलै २०१६ ला ‘कबाली’च्या वेळी चेन्नई-बंगळुरूतल्या काही कंपन्यांनी असंच केलं, आणि एअर एशियाने तर विमानावर रजनीचं चित्र रंगवून बंगळुरूहून चाहत्यांना चेन्नईला पहिल्या दिवसाच्या खेळासाठी नेलं. ‘कुली’च्या वेळी ही लाट सिंगापूरला पोचली. तिथल्या एका बांधकाम कंपनीने आपल्या तामिळ कामगारांना भरपगारी सुट्टी, पहिल्या खेळाचं तिकीट आणि खाण्यापिण्यासाठी ३० सिंगापुरी डॉलर दिले. पडद्यावर गोदीतला हमाल, आणि त्याला पाहायला सुट्टी मिळालेला इमारतींवरचा मजूर, हा योग कोणा पटकथाकाराला सुचला असता तर आपण त्याला ओढूनताणून म्हटलं असतं.

या बातम्या आपल्याकडे ‘दक्षिणेतलं वेड’ या मथळ्याखाली छापल्या जातात आणि वाचून हसून विसरल्या जातात. मला त्यात वेडापेक्षा हिशेब जास्त दिसतो. पहिल्या खेळासाठी बुडालेल्या दिवसाचे पैसे कोण भरतो, हा तो हिशेब.

तामिळनाडूत मोठे चित्रपट पूर्वापार सणाला लागत. ‘दळपती’ ५ नोव्हेंबर १९९१ ला आला, ‘मुत्तु’ २३ ऑक्टोबर १९९५ ला. दोन्ही दिवशी तिथे दीपावली होती. गिरणी, कारखाना, दुकान आपसूक बंद. माणसाने पहाटे तेल लावून न्हायचं, नवे कपडे घालायचे आणि थिएटर गाठायचं. रजेचा प्रश्नच नव्हता. तामिळनाडूच्या १९५८ च्या कायद्याने कामगारांना राष्ट्रीय सुट्ट्यांबरोबर सणांच्या पाच सुट्ट्या दिल्या आहेत, आणि सिनेमा या सणांच्या आडोशाने पाहिला जाई. आता प्रदर्शनाचा दिवस सणाला बांधलेला राहिला नाही. तो सुट्टीच्या अलीकडे सरकतो. १४ ऑगस्ट घ्या: गुरुवारी चित्रपट, शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, मग शनिवार-रविवार. गल्ल्याला चार दिवस सलग मिळाले. त्यातला पहिला दिवस मात्र कामाचा होता, आणि तो प्रेक्षकाच्या खिशातून गेला.

पहिल्याच दिवसाची एवढी घाई का, याचं उत्तर श्रद्धेपेक्षा यंत्रात आहे. रिळांच्या पेट्या फिरत तेव्हा प्रिंट मोजक्या असत. मद्रास, मदुराई, कोइम्बतूर आधी. कुंभकोणमसारखं गाव मागून. आणि खेड्यातल्या तंबूच्या टॉकीजपर्यंत पेटी पोचेपर्यंत शहरात पोस्टर फाटलेलं असे. वितरकांच्या बोलीतली ए, बी, सी सेंटरं यातूनच आली. सी सेंटरच्या माणसाला घाई करून उपयोग नव्हता. डिजिटल प्रक्षेपण आलं आणि ही उतरंड मोडली. आता चित्रपट फाईलच्या रूपात आधीच थिएटरात येऊन पडतो आणि ठरल्या वेळी चालणारी डिजिटल किल्ली मिळाली की सगळीकडे एकदम उघडतो. इन्नंबूरच्या शेजारी, कुंभकोणमात बसलेला माणूस आणि चेन्नईच्या मल्टिप्लेक्समधला माणूस एकाच घटकेला तेच दृश्य पाहतो. निर्मात्याला पहिल्या तीन-चार दिवसांत पैसा वसूल करायचा असतो, कारण पाचव्या दिवशी लोकांचा अभिप्राय पसरलेला असतो. प्रेक्षकाला गोष्ट फुटायच्या आत पाहायची असते. दोघांची घाई एकाच सकाळी येऊन आदळते.

आता या सकाळची वेळ पाहू. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम तिथे आहे.

तामिळनाडूत थिएटरने दिवसाला किती खेळ लावायचे यावर सरकारी बंधन आहे. नेहमीच्या चारांवर जादा खेळ लावायचा तर परवानगी लागते. अनेक वर्षं मोठ्या नटाच्या चित्रपटाला पहाटे चारचा, कधी मध्यरात्रीनंतर एकचा खेळ मिळत असे. ११ जानेवारी २०२३ ला अजितचा ‘तुनिवु’ रात्री एकला आणि विजयचा ‘वारिसु’ पहाटे चारला सुरू झाला. त्या रात्री चेन्नईत कोयंबेडूच्या रोहिणी थिएटरबाहेर जल्लोष करताना एक कोवळा मुलगा चालत्या लॉरीवरून पडून मरण पावला. त्यानंतर सरकारने पहाटेचे खेळ बंद केले. १९ ऑक्टोबर २०२३ च्या ‘लिओ’साठी निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले, पहाटे चार नाही तर निदान सातचा खेळ द्या म्हणाले. सरकार बधलं नाही: पहिला खेळ सकाळी नऊला, शेवटचा रात्री दीडपर्यंत संपलेला. ‘जेलर’ही नऊलाच लागला होता, ‘कुली’ही नऊला.

या नियमामागचं कारण खरं होतं आणि त्याला कोणी हसू नये. पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला गेला नाही. चारचा खेळ सातला सुटतो. माणूस घरी जातो, आंघोळ करतो, दोन इडल्या खातो आणि तांबारलेल्या डोळ्यांनी का होईना, नऊ-साडेनऊला हजेरी लावतो. नऊचा खेळ बाराच्या पुढे सुटतो. बाराला कामावर गेलं तर कोण उभं करणार? चारच्या खेळाची किंमत प्रेक्षक झोपेने चुकती करायचा, नऊच्या खेळाची रोजाने करतो. कंपन्यांची भरपगारी औदार्याची परिपत्रकं आधीही निघत होती, ‘कबाली’चा दाखला आहेच, पण पहिला खेळ नऊवर गेल्यानंतर त्यांची गरज वाढली, असं मला वाटतं.

आणि औदार्य तरी कोणासाठी? कार्यालयातल्या कायम नोकराकडे किरकोळ रजा असतेच. कारखान्यातल्या कायम कामगारालाही ‘कुली’ लागला तेव्हा लागू असलेला कारखाना कायदा वर्षात २४० दिवस भरल्यावर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देत होता. कंपनीने सुट्टी दिली तर त्याची एक रजा वाचते, आणि कंपनीला वर्तमानपत्रात फुकट नाव मिळतं; जाहिरातीच्या दरात पाहिलं तर हा सौदा स्वस्त. गेटवरचा कंत्राटी पहारेकरी, साफसफाईची बाई, कॅन्टीनमधला पोऱ्या यांच्या सुट्टीबद्दल परिपत्रकात सहसा ओळ नसते. कुंभकोणमच्या आसपास तर परिपत्रक काढणाराच कोणी नाही. मेट्टूर धरणाचं पाणी रीतीप्रमाणे १२ जूनला सुटतं, ऑगस्टच्या मध्याला कुरुवै भात शेतात उभं असतं आणि सांबा पिकाची रोपं टाकायची लगबग चालू होते. लावणीवाल्या बायकांच्या टोळ्या, पितळेच्या भांड्यांचे कारागीर, विड्याच्या पानांच्या मळ्यातले गडी हे सगळे रोजावरचे किंवा नगावरचे लोक. त्यांच्यातला जो पहिल्या खेळाला जातो तो तिकीट आणि रोज असे दोन्ही पैसे घालून जातो. तिकिटाचा कमाल दर सरकार ठरवतं, बुडालेल्या रोजाला असा काही दर नसतो.

या वर्गाला वेडं ठरवणं सोपं आहे. सारा डिकी या अभ्यासिकेने मदुराईतल्या कष्टकरी प्रेक्षकांत राहून १९९३ साली पुस्तक लिहिलं, आणि एम. एस. एस. पांडियन यांनी त्याच्या आदल्या वर्षी तामिळ नट एमजीआर यांच्या प्रतिमेची कठोर चिकित्सा केली. दोघांचे निष्कर्ष एकमेकांना पुरते जुळत नाहीत. चाहते कोणत्या थरातले, याबद्दल मात्र दोघांत वाद नाही. पडद्यावरचा नायक रिक्षा ओढतो, बस चालवतो, गोदीत ओझी उचलतो, तो काही हौसेने नाही.

रजनीचं स्वतःचं चरित्र या चौकटीत फार नेमकं बसतं. शिवाजीराव गायकवाड, जन्म १२ डिसेंबर १९५० बंगळुरूचा. घराण्याचं मूळ पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचं सांगतात, वडील पोलीस शिपाई. हा बंगळुरूच्या बसमध्ये कंडक्टर होता. १९७३ मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तेव्हा त्याच्या बसचा ड्रायव्हर राज बहादूर आपल्या पगारातून त्याला पैसे पाठवायचा. पुढे दिग्दर्शक के. बालचंदर भेटले. ते कुंभकोणमच्याच तंजावर मुलखातले, नन्निलमजवळचे. मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकुनी सांभाळून नाटकं लिहिणारे. त्यांनी स्वतःच्याच एका जुन्या नाटकातल्या पात्राचं नाव या मुलाला दिलं, कारण शिवाजी हे नाव तामिळ सिनेमात नट शिवाजी गणेशन यांनी आधीच व्यापलेलं होतं. ‘अपूर्व रागंगळ’ ऑगस्ट १९७५ मध्ये आला. हिशेब तपासणाऱ्या कारकुनाने तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरला नट केलं.

पहिल्या खेळाची ही घाई आपल्याकडे नव्हती असं कोणी समजू नये. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला आणि सातारा जिल्ह्यात रहिमतपूरच्या थिएटरला मध्यरात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला. उन्हाळा होता, शेतात काम कमी, रात्रीला हवा गार. तिथे कोणाचा रोज बुडाला नाही. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजला रजनीचा चित्रपट लागला की किंग्ज सर्कलला तामिळ ढोल घुमत. आणि गिरणगावात तर दांडीची रीतसर व्यवस्थाच होती. कायम कामगार आला नाही की बदली कामगार मागावर उभा राही. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी बदली नियंत्रण योजना आणली: कार्डधारक बदल्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचं, गैरहजरांच्या जागी त्यांना घ्यायचं. एकाची दांडी हा दुसऱ्याचा रोज होता. मालकाचा माग चालू राही, आणि ज्याची चूल त्या सकाळी पेटे तो बदली गैरहजर माणसाला मनातून दुवा देत असेल.

अमेरिकेत ही गोष्ट डॉलरांत मोजतात. १९ मे १९९९, बुधवार, ‘स्टार वॉर्स’ मालिकेचा नवा भाग सोळा वर्षांनी आला. नोकरीवरून काढलेल्यांना नवी नोकरी शोधून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या चॅलेंजर, ग्रे अँड ख्रिसमस या कंपनीने अंदाज दिला: २२ लाख लोक कामावर जाणार नाहीत, उत्पादनाचं नुकसान २९ कोटी ३० लाख डॉलर. जगभर आकडा छापून आला. भागाकार केला तर माणशी सुमारे १३३ डॉलर निघतात, म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. माणूस आला नाही म्हणजे त्याच्या मजुरीएवढं उत्पादन कायमचं बुडालं, असं या गणितात धरलेलं आहे. दुसऱ्या दिवशी त्याने साचलेलं काम उपसलं, शेजारच्या टेबलावरच्याने चार फोन जास्त घेतले, हे त्यात नाही. तिकीट फाडणारा, पॉपकॉर्न विकणारा, गाड्या लावणारा यांनी त्या दिवशी दुप्पट काम केलं, तेही नाही. पहिल्या दिवशी ज्यांना कधीच दांडी मारता येत नाही असे हेच लोक आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्या जोडीला बंदोबस्तावरचा शिपाई.

पुन्हा नऊच्या खेळाकडे येऊ. ‘कुली’च्या दिवशी केरळात आणि कर्नाटकात सकाळी सहाच्या सुमारास खेळ लागले. तामिळनाडूत चित्रपट सुरू होण्याआधी शेजारी तो पाहून मोकळे. होसूर हे तामिळनाडूचं कारखान्यांचं गाव. तिथून बंगळुरू साधारण ४० किलोमीटर. दुपारची पाळी असलेल्या होसूरच्या कामगाराने अंधारात गाडीला किक मारली, राज्याची हद्द ओलांडली, सहाचा खेळ पाहिला, तर दोनच्या भोंग्याला तो गेटवर असू शकतो, रजा न टाकता. कुंभकोणमला केरळची किंवा कर्नाटकची हद्द इतकी जवळ नाही.