वाटी बदलल्यानंतरचं वर्ष

उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. जखम केव्हाच भरली, एक्स-रे चांगले आले, गुडघा वाकायचा तेवढा वाकला. पण रस्त्यावर एकटीने, कोणाचा हात न धरता पाऊल टाकायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. गुडघा किती वाकतो हे मोजायला कोनमापक आहे. धीर परत आला का, हे मात्र वर्षभरात क्वचितच कोणी विचारलं. म्हणून त्याबद्दलच लिहावंसं वाटतं.

माझ्या पिढीला हे ऑपरेशन ठाऊक झालं ते ऑक्टोबर २००० मध्ये. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. जून २००१ मध्ये उजवा. मी नोकरीला होते त्या शाळेत मधल्या सुट्टीत तेव्हा तीच चर्चा असायची आणि हे आपल्या ऐपतीतलं नाही, यावर सगळ्यांचं एकमत व्हायचं. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाच्या पुढे जायचा, तो ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. पेन्शनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला विचार तरी करता आला तो त्यामुळे. सांधा स्वस्त झाला, पण त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांच्या फिजिओथेरपीचा हिशेब अजूनही फारसं कोणी धरत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई व्यायामांची चित्रं छापलेला कागद घेऊन गावी गेली. तिथे तिला उभं कोण करणार होतं? हे मला आजही लागतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिकची गादी. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, टाच गादीवरून मागे सरकवायची, पाय ताठ ठेवून उचलायचा. गुडघ्याखाली उशी घ्यायला सक्त मनाई, कारण उशीने बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच आखडतो. भेटायला येणारा प्रत्येकजण ‘किती वाकतो?’ विचारायचा. आमच्या फिजिओ ताई मात्र पाय पूर्ण सरळ होतोय का, हे आधी बघायच्या. सरळ झाला नाही तर चाल लंगडी राहते आणि मांडी लवकर थकते. संध्याकाळी सूज, रात्री ठणका आणि झोपेचं खोबरं, असे ते पहिले आठवडे गेले.

भीती आली ती दुखणं ओसरल्यावर. वॉकर सुटला, काठी हातात आली (ती चांगल्या पायाच्या बाजूला धरायची, बरेच जण उलट धरतात), आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी मी थिजले. चढायला काही वाटेना. चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा. पण वरून खाली पाहिलं की पाय दगा देणार, असंच वाटे. घरचे म्हणाले, मनातून काढून टाक. ताईंनी तसं म्हटलं नाही. त्यांनी समजावलं की ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून कमी उरते, आणि सूज आहे तोवर शरीर त्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. एकाआड एक पाय टाकत जिना उतरायचा तर सगळं वजन हळूहळू खाली सोडण्याचं काम हाच स्नायू करतो. माझ्या भीतीला आधार होता, आणि म्हणूनच तिच्यावर इलाजही होता. सगळ्यात खालच्या पायरीवर, कठडा धरून, वर-खाली. ते जमल्यावर दोन पायऱ्या. हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि, त्याहून अवघड, हात न टेकता सावकाश बसणं. मांडीत ताकद भरत गेली, तसतशी मी वर उभं राहून खाली बघायची थांबले.

घरच्यांचं काय करायचं, हे कोणत्याच कागदावर छापलेलं नसतं. मी उठले की सून धावत यायची, मुलगा दंड धरायचा, शेजारच्या काकू गॅलरीतून ‘सांभाळून हं!’ म्हणायच्या. दहा जणांनी दहा वेळा सांभाळून म्हटलं की आपण पडणारच आहोत, असं पायालाही वाटू लागतं. शेवटी ताईंनीच सुनेला सांगितलं, ‘बाजूने चाला, पण हात धरू नका. त्यांनी मागितला तर द्या.’ मला विचाराल, तर माझ्या वर्षातला सगळ्यात गुणकारी उपचार तो.

काही गोष्टी परत आल्या नाहीत. चालायला गुडघा साधारण ६५ अंश वाकला तरी पुरतो, जिन्याला नव्वदच्या आसपास, खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. आपला संसार मात्र जमिनीवर मांडलेला. पंगत, पूजा, भजन, पाटावर बसून भाजी चिरणं. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि गौरींपुढे खुर्चीवर बसून आरती म्हणताना मला फार वाईट वाटलं. आता भजनाला मागच्या रांगेत आम्हा चौघी-पाचजणींच्या खुर्च्या असतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी अजून बधिर आहे, ती तशीच राहील कदाचित.

साताऱ्याचे रस्ते चढ-उताराचे. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत मी आता काठीशिवाय जाते. उरली होती एसटी. २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीची पहिली पायरी तेवढीच उंच आहे. रस्ता खोलगट असला की ती आणखी वर जाते, आणि मागून रेटा. ताईंनी घरी पाटावर पाट ठेवून तेवढी उंची करून घेतली, दांडा धरायचा कसा ते दाखवलं, आणि एका दुपारी गर्दी नसताना माझ्याबरोबर स्टँडवर आल्या. त्यांच्या कामात हे बसत नव्हतं. बसायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. मांडीचे व्यायाम आतापासूनच चालू केलेत, न्हाणीघरात दांडा बसवून घेतलाय, आणि ताईंना सांगून ठेवलंय की शेवटचे काही दिवस खोलीत नको, स्टँडवर या.