समुद्री फिश टँकचे पाणी बदलताना तापमान सांभाळा. गिझर आणि रॉडचा शॉर्टकट नको

हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या घरच्या समुद्री टँकसाठी मीठ मिसळलेली बादली रात्रभर बाल्कनीत राहिली आणि सकाळी घाईघाईत आम्ही तीच टँकमध्ये ओतली. दहा मिनिटांत दोन्ही क्लाउनफिश कोपऱ्यात जाऊन बसले, भराभर श्वास घेऊ लागले. कोरल मिटून गेले. मीठ बरोबर होते, पाणीही स्वच्छ होते. चुकले ते फक्त तापमान. मासे वाचले, पण आठवडाभरात त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले आणि पुढचा महिना उपचारात गेला.

असे का होते?

माशाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढे गरम, तेवढाच मासा गरम. समुद्रात पाणी अफाट, त्यामुळे तापमान सावकाश बदलते. घरातल्या टँकमध्ये मात्र एक-दोन बादल्यांनीही फरक पडतो. अचानक धक्का बसला की माशाची ताकद कमी होते आणि टँकमध्ये आधीपासून असलेले परजीवी डोके वर काढतात.

हिशोब सोपा आहे. टँक 100 लिटरचा, पाणी 26 अंश सेल्सिअस. त्यातले 15 लिटर काढून 20 अंशाचे पाणी घातले, तर टँक 25.1 अंशावर येतो. हे बहुतेक मासे सहन करतात. पण 30 लिटर बदलले आणि नवे पाणी 18 अंशाचे असले, तर टँक थेट 23.6 वर उतरतो. म्हणजे काही मिनिटांत जवळजवळ अडीच अंशांची घट! शिवाय धार जिथे पडते, तिथल्या कोरलला तर पूर्ण गार पाण्याचाच मार बसतो.

मग करायचे काय?

एका वेळी 10 ते 15 टक्केच पाणी बदला. आदल्या दिवशी आरओच्या शुद्ध पाण्यात सॉल्ट मिक्स घाला आणि छोटा पंप लावून ठेवा. सकाळी त्याच बादलीत ॲक्वेरियमचा हीटर सोडा. 20 लिटर पाणी 20 वरून 26 अंशावर न्यायला 100 वॅटच्या हीटरला साधारण दीड-दोन तास लागतात. टँक आणि बादली, दोन्हीकडे एकच थर्मामीटर वापरा. दोन वेगळ्या थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाचा फरक निघू शकतो. दोन्ही पाण्यांत एक अंशापेक्षा जास्त फरक नसावा. खारटपणाही पाणी गरम झाल्यावरच मोजा, कारण गार पाण्यात साध्या हायड्रोमीटरचा आकडा जास्त येतो. मग पाणी मगाने किंवा बारीक नळीने हळूहळू सोडा.

टँकमधले पाणी काढण्याआधी टँकचा हीटर बंद करा. पाणी खाली गेले आणि चालू हीटर उघडा पडला, तर त्याची काच तडकते. टँकमध्ये हात घालण्याआधी बाकीचे स्विचही बंद करा.

हे मात्र टाळा

घाई असली की गिझरचे गरम पाणी मिसळावेसे वाटते. पण अनेक गिझरच्या आत तांबे असते. तांब्याचा थोडासा अंशही कोळंबी, गोगलगाय आणि कोरलसाठी विष ठरतो. म्हणूनच तांब्या-पितळेच्या भांड्यातही हे पाणी तापवू नये. अंघोळीचे पाणी तापवायचा रॉड तर खाऱ्या पाण्याच्या बादलीत कधीच टाकू नका. मिठाने तो गंजतो, आणि खाऱ्या पाण्यातून करंट सहज वाहतो. घरात लहान मुले असतील तर हा धोका माशांपुरता राहत नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. टँक 29-30 अंशावर गेला, तर एकदम गार पाणी ओतून किंवा बर्फ टाकून तो उतरवू नका. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. वाफ होऊन कमी झालेले पाणी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने भरून काढा, कारण मीठ उडून जात नाही, ते टँकमध्येच राहते.

आता आमच्या घरी पाणी बदलायचे काम मुलांकडे आहे, आणि नियम एकच: आधी थर्मामीटर, मग बादली. दोन तास थांबावे लागते, पण महिनाभराच्या उपचारापेक्षा ते परवडते.