ज्ञान आणि गुपित (लेखांक ६) : विद्यापीठातली कुलूपबंद खोली

एखादे संशोधन गोपनीय कसे ठरते, हे मागच्या लेखांकात पाहिले. ते विद्यापीठात करायचे ठरले तर सांभाळायचे कसे, हा आजचा विषय. जिथे शंका विचारणे, निष्कर्ष छापणे आणि दुसऱ्याने ते तपासणे यावरच सगळे उभे आहे, तिथे गुपित हा परका पाहुणा असतो. माझे मत स्पष्ट आहे. गुपित थोडके असावे, ते शिकवण्याच्या जागेपासून वेगळे ठेवावे आणि बाकीचे सगळे निःशंकपणे खुले असावे. खरा धोका असतो तो या दोहोंच्या मधल्या धूसर पट्ट्यात. अमेरिकेत या प्रश्नाचा सर्व बाजूंनी अनुभव घेऊन झाला आहे, म्हणून दाखले तिथले घेतो.

तिथे विद्यापीठाला आपण होऊन अर्ज करून गोपनीय कामाची मान्यता मिळत नाही. सरकारी खात्याने किंवा आधीच मान्यता मिळालेल्या कंत्राटदाराने त्याचे नाव पुढे करावे लागते. मग संस्थेचा एक सर्वोच्च जबाबदार अधिकारी, एक सुरक्षा अधिकारी आणि आतल्याच माणसाकडून होऊ शकणाऱ्या दगाफटक्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी अशा नेमणुका होतात आणि त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. ज्या विश्वस्तांना गोपनीय माहिती पाहण्याची परवानगी नसते, त्यांना ती मिळणार नाही असा ठराव रीतसर मंजूर करावा लागतो. पण या व्यवस्थेचे मर्म पाहायचे तर कागदपत्रांच्या तिजोरीवर लावलेला तक्ता पाहावा. तारीख, कोणी उघडली, किती वाजता, कोणी बंद केली, बंद झाल्याची खात्री कोणी केली. प्रत्येक रकान्यात वेळ आणि आद्याक्षरे. अतिगोपनीय कामाच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, तो दाराबाहेरच ठेवायचा. परवानगी हातात आहे म्हणून सगळे कागद बघता येत नाहीत. हातातल्या कामासाठी ती माहिती लागतेच, हेही दाखवावे लागते. इतकी काटेकोर शिस्त एका खोलीत, फार तर एका इमारतीत टिकते. दिवसभर शेकडो विद्यार्थी ये-जा करतात त्या आवारात ती टिकणार नाही.

एमआयटीने हे संघर्षातून शिकून घेतले. चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीने अपोलो यानाचा दिशादर्शक संगणक घडवला, तसेच पोलॅरिस क्षेपणास्त्राची मार्गदर्शन यंत्रणाही. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधात विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर आले, चौकशी समिती नेमली गेली आणि १९७३ मध्ये ही प्रयोगशाळा संस्थेपासून पूर्णपणे वेगळी झाली. लेक्सिंग्टनची लिंकन लॅबोरेटरी मात्र एमआयटीकडेच राहिली; ती मुख्य आवारापासून दूर, हवाई तळाला लागून आहे. वेगळे केले तर विद्यापीठातली बुद्धिमत्ता देशाच्या कामी येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण ड्रेपर यांची संस्था वेगळी झाल्यावरही क्षेपणास्त्रांचे काम करतच राहिली आणि लिंकनचे कामही थांबले नाही. आक्षेपात तथ्य एवढेच, की तरुण संशोधकाचा सहज होणारा संपर्क कमी होतो. ती किंमत मला परवडणारी वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्ण गोपनीय नाही, पण शत्रूच्या हाती पडू नये, असे तंत्रज्ञान असतेच की! त्याचे काय? टेनेसी विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक जॉन रीस रॉथ यांचे प्रकरण इथे डोळ्यांसमोर ठेवावे. हवाई दलाच्या पैशातून ते ड्रोनसाठी प्लाझ्मा तंत्रावर काम करत होते. काम गोपनीय वर्गातले नव्हते, पण निर्यात-नियंत्रण कायद्याखाली येत होते. त्यांनी त्यात एका चिनी आणि एका इराणी विद्यार्थ्याला सामील केले आणि काही सामग्री लॅपटॉपवर चीनला नेली. विद्यापीठाच्या संबंधित अधिकाऱ्याने त्यांना आधी सावध केले होते. २००८ मध्ये ते दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. यावरून काही जण म्हणतात, धूसर पट्टाच अधिक कडक करा. मला उलट दिसते. तिजोरी नाही, तक्ता नाही, दारावर पहारा नाही, आणि परदेशी विद्यार्थी रोजच्या रोज शेजारच्या टेबलावर. अशा ठिकाणी नियम केवळ एका माणसाच्या विवेकावर उभा राहतो. तो डळमळला, की सगळे कोसळते. काम इतके नाजूक असेल तर ते कुलपात ठेवायला हवे होते.

अमेरिकी सरकारनेही तत्त्व म्हणून हेच मान्य केले होते. डेल कॉर्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८२ मध्ये सुचवले, की कुंपण उंच असावे, पण त्यातली जागा लहान. १९८५ मध्ये रेगन प्रशासनाने धोरण जाहीर केले, की मूलभूत संशोधन शक्य तितके खुले राहील, आणि नियंत्रण लागलेच तर ते गोपनीय वर्गवारी करून आणावे.

वेगळी जागा केली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. लॉस अलामॉस प्रयोगशाळा स्वतंत्र आणि बंदिस्तच आहे. १९४३ पासून २००६ पर्यंत तिचा कारभार कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होता. ऑक्टोबर २००६ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात पोलिसांनी एका घराची झडती घेतली, तेव्हा तिथे प्रयोगशाळेतली गोपनीय माहिती सापडली. आधीच्या ढिलाईबद्दल विद्यापीठाला ३० लाख डॉलरचा दंड झाला. भिंत उभारली तरी तक्ता रोज भरावा लागतो, आणि जेवढे गुपित कमी तेवढाच तो प्रामाणिकपणे भरला जातो.

दरवर्षी महाराष्ट्रातून अनेक मुले-मुली अमेरिकेत संशोधनासाठी जातात. गोपनीय कामाचे दार त्यांना बंदच असते; ते परवाने अमेरिकी नागरिकांसाठी असतात. त्यांचा संबंध येतो तो धूसर पट्ट्याशी. म्हणून जाणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती: प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी मार्गदर्शकांना लेखी विचारा, की या प्रकल्पाच्या करारात निष्कर्ष छापण्यावर बंधन किंवा नागरिकत्वाची अट आहे का. उत्तर संदिग्ध आले, तर विद्यापीठाच्या निर्यात-नियंत्रण कार्यालयाला विचारा, आणि तोपर्यंत सही करू नका.