तारली येते, तारली जाते

तारली हा मासा तुम्ही खाल्ला असेल. निदान बाजारात तरी पाहिला असेल. तिची पाठ निळसर हिरवी आणि पोट चांदीसारखे असते. पूर्ण वाढलेली तारली वितीहून थोडी लहान भरते. इतर माशांच्या मानाने ती स्वस्त मिळते, म्हणून तिला गरिबाचा मासा म्हणतात. केरळात तिला मत्ती म्हणतात. मंगळूरकडे तिचे नाव भुताई.

ही तारली बारा महिने सारखी मिळत नाही. पावसाळा सरला की ती किनाऱ्याजवळ येते. उन्हाळा तापू लागला की दूर खोल पाण्यात जाते. शिवाय सगळी वर्षे सारखी नसतात. एखाद्या वर्षी इतकी येते की टोपल्या पुरत नाहीत. एखाद्या वर्षी जाळे ओढून ओढून हात दुखतात, पण हाती काही लागत नाही.

असे का होते? मालवणकडच्या किनाऱ्यावर आम्ही गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्या तांडेलांना हेच विचारले. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. ते हसून म्हणाले, "दर्याक इचारा!"

दर्याला विचारायचे तर त्याची भाषा समजायला हवी. कोळी आणि गाबीत बांधव पिढ्यान्‌पिढ्या ती शिकत आले. शास्त्रज्ञही ती शिकत आहेत. आपल्या देशात १९४७ साली सागरी माशांच्या अभ्यासासाठी एक सरकारी संस्था निघाली. तिचे नाव केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था. आज तिचे मुख्य ठाणे केरळात कोची येथे आहे. दोघांकडून जे समजले, ते आता पाहू.

वारा समुद्र नांगरतो

शेत नांगरले म्हणजे काय होते? खालची माती वर येते. पिकाला कस मिळतो. समुद्रातही पावसाळ्यात असेच काहीसे घडते.

जून ते सप्टेंबर मोसमी वारे जोराने वाहतात. त्यांच्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी समुद्रात दूर ढकलले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. या खालच्या पाण्यात खताचा कस असतो. वर सूर्यप्रकाश असतो. खत आणि ऊन मिळाले की पाण्यात अतिशय बारीक वनस्पती वाढतात. त्या नुसत्या डोळ्यांना एकेकट्या दिसत नाहीत, पण त्यांची वाढ झाली की पाण्याचा रंगच पालटतो. केरळच्या किनाऱ्याला हे खालचे पाणी जास्त जोराने वर येते. उत्तरेला कोकणाकडे हा जोर कमी होत जातो.

या बारीक वनस्पती हाच तारलीचा मुख्य चारा. तिच्या कल्ल्यांत चाळणीसारखी दाट दाती असतात. ती तोंड उघडून पोहते. पाणी कल्ल्यांतून बाहेर जाते आणि चारा आत राहतो.

तारली अंडीही पावसाळ्यातच घालते. एक मादी हजारो अंडी घालते. साधारण एका दिवसात ती फुटतात. पिल्ले बाहेर येतात, तेव्हा समुद्रात चारा तयार असतो. म्हणजे बाळ जन्मायला आणि घरात दाणे यायला एकच वेळ! पाऊस संपता संपता ही पिल्ले बोटाएवढी होतात आणि थवे करून किनाऱ्याकडे येतात. खाऊन खाऊन तारलीच्या अंगात चरबी साठते. तव्यावर टाकली की तिचे तिलाच तेल सुटते. पूर्वी हे तेल काढून लाकडी होड्यांना लावीत. त्याने लाकूड टिकते.

म्हणून तांडेल म्हणाले ते खरेच आहे. वारा कमी पडला तर चारा कमी. चारा कमी तर पिल्ले जगत नाहीत. उलट खालचे पाणी फारच वर आले, तरी बरे नाही. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मासा तिथून पळतो. शेतकऱ्याला जसा पाऊस बेताचा लागतो, तसा तारलीला वारा बेताचा लागतो.

रापण

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, की सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापणीचे दिवस येतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. ते शेकडो मीटर लांब असते.

काही माणसे किनाऱ्यावरून पाण्यावर नजर ठेवतात. पाण्याचा रंग बदलला, पक्षी झेपा घेऊ लागले, पाणी खळबळले, की थवा आला हे ओळखतात. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते. थव्याला वळसा घालीत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात. तीस-चाळीस माणसे सहज लागतात. तरुण असतात, म्हातारे असतात, बायकाही हात लावतात.

जाळे वर आले की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, राबणाऱ्यांचा वाटा. वाट्यांची रीत गावागावाला वेगळी असते. दोर ओढायला ज्याने हात लावला, तो सहसा रिकाम्या हाताने घरी जात नाही. मग लिलाव होतो. बायका टोपल्या भरतात आणि बाजाराची वाट धरतात. उरलेली तारली मीठ लावून सुकवतात. काही माडांच्या मुळाशी खत म्हणून जाते. अशी एका माशावर पुष्कळ घरांची चूल पेटते.

मासा आला नाही तर?

तारली रुसली म्हणजे काय होते, हे आपल्या किनाऱ्याने अनेकदा पाहिले आहे. १९४० नंतरच्या काही वर्षांत मलबारच्या किनाऱ्यावर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. तेव्हा १९४३ साली मद्रास सरकारने बारीक तारली धरण्यावर बंधने घातली होती. पुढे तारली परत आली.

अलीकडची गोष्ट त्याहून मोठी आहे. २०१२ साली एकट्या केरळात सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली. नऊ वर्षांनी, २०२१ साली, तिथे मिळाली फक्त ३,२९७ टन. म्हणजे जिथे शंभर टोपल्या येत, तिथे एकही टोपली धड भरेना. होडीचे कर्ज तसेच राहिले. पुढे पुन्हा मासा वाढला. २०२३ साली तिथे सुमारे १ लाख ३८ हजार टन तारली आली.

हे का झाले? एकच कारण नाही. समुद्राचे तापमान, वारा, पाऊस, चारा, सगळ्यांचा त्यात हात आहे. हे आपल्या हातात नाही. पण एक कारण माणसाच्या हातातले आहे. ते म्हणजे बारकी तारली धरणे.

बी खाऊ नये

पूर्वी थवा किनाऱ्याला येईल तेव्हा धरायचा, अशी रीत होती. आता मोठ्या यांत्रिक होड्या खोल पाण्यातच थव्याला घेरतात. त्यांच्या जाळ्याला पर्ससीन म्हणतात. थव्याभोवती जाळे टाकून खालची दोरी ओढली की ते बटव्यासारखे मिटते. एका वेढ्यात टनावारी मासा येतो. किनाऱ्यावरच्या रापणीला मग काय उरते? यावरून कोकणात आणि गोव्यात वर्षानुवर्षे भांडणे चालत आली आहेत.

मोठ्या जाळ्यात पिल्लेही येतात. ती सगळीच खायला जात नाहीत. वाळवून त्यांची भुकटी करतात. ती कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. पण खरे बोलायचे तर रापणीतही बारीक मासा येतो. दोष एकट्याचा नाही.

तारली साधारण एका वर्षात अंडी घालण्याजोगी होते. तिचे सारे आयुष्यच दोन-अडीच वर्षांचे. अंडी घालण्याआधीच ती धरली, तर पुढचे पीक कुठून येणार? एक टोपली पिल्ले धरली, तर किती टोपल्या मासा बुडाला याचा हिशेब करून पाहा. टोपलीजवळ बसलेल्या एका बाईंनी आम्हाला हे एका वाक्यात सांगितले. "आज बारकी धरली, तर उद्या मोठी खंयसून येतली?" पेरणीचे बी दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. हेही तसेच आहे.

म्हणून केरळ सरकारने नियम केला. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान तारली धरायची नाही. महाराष्ट्रानेही २०२३ साली काही जातींच्या माशांसाठी अशी किमान लांबी ठरवली. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्याचा नियमही आहे. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारच्या हद्दीत तो १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा असतो. किनाऱ्यालगत राज्ये आपापले नियम करतात. या दिवसांत तारली अंडी घालते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

नियम कागदावर राहिले तर उपयोग नाही. ते पाळायला जाळे टाकणारा हवा, लिलाव बोलणारा हवा आणि विकत घेणाराही हवा. घेणारे तर आपण सारेच आहोत. पुढच्या वेळी बाजारात तारली घ्याल, तेव्हा तिच्याशेजारी हात धरून पाहा. दहा सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या वितीहून जरा कमी. तारली त्याहून लहान असेल, तर ती घेऊ नका. का घेत नाही, तेही विकणाऱ्या मावशींना सांगा. त्या रागावणार नाहीत. मोठी तारली आली तर दर चांगला मिळतो, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असते.